येवल्याला पैठणी घ्यायला जाताना

लग्नसराई जवळ आली की आपल्या घरांतून येवल्याच्या फेऱ्या सुरू होतात. निकाहच्या कपड्यांत एक तरी पैठणी असावी, ही हौस आपल्याकडेही आहे. नाशिकहून निफाड-विंचूरमार्गे सकाळी निघाले की खरेदी करून संध्याकाळी घरी परतता येते. बाहेरगावच्या पाहुण्यांना मनमाड-दौंड मार्गावर येवला स्टेशन आहेच.

गाव लहान, पण नाव मोठे. तात्या टोपे यांचा जन्म इथला. १३ ऑक्टोबर १९३५ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी धर्मांतराची घोषणा केली, तीही इथेच. पैठणीला नाव मिळाले ते गोदाकाठच्या पैठणचे, पण आज तिचे माग मोठ्या संख्येने चालतात ते येवल्यात. २०१० साली पैठणीला भौगोलिक मानांकनही मिळाले.

एका दिवसाच्या पाहुण्याची अडचण अशी, की त्याला ना दुकान ओळखीचे, ना माल. महिनोन्‌महिने साठवलेला पैसा तासाभरात खर्च होतो आणि घरी गेल्यावर मनात शंका राहते. म्हणून दुकानात शिरण्याआधी एखाद्या विणकराच्या घरी माग पाहावा, असे आम्ही सुचवतो. विनंती केली तर बरेच जण आनंदाने दाखवतात. पदरावरची वेल रंगारंगाच्या छोट्या कांड्यांनी, एकेक धागा गुंतवून हाताने विणली जाते. साध्या साडीला काही आठवडे लागतात, भरलेल्या पदराला कित्येक महिने. बाई कांड्या भरते, पुरुष मागावर बसतो, कुठे बाईच मागावर असते. अख्ख्या घराची मेहनत त्या एका साडीत असते.

हे पाहिले की पारख सोपी होते. पदर उलटा करून बघावा. हातविणीच्या पदराची नक्षी दोन्ही बाजूंनी सारखीच स्वच्छ दिसते. मागे लोंबते किंवा कापलेले धागे असतील, तर नक्षी जॅकार्डवर काढलेली आहे. तशी साडी घेणे वाईट नाही. ऐपतीप्रमाणे जरूर घ्यावी, पण तिच्याच भावात. रेशमासाठी सिल्क मार्क आणि हातमागासाठी हातमागाचे चिन्ह आहे का, ते पाहावे. जर कोणती, चांदीची की साधी, हे विचारून पक्क्या बिलावर लिहून घ्यावे. विचारण्यात संकोच नको.

धान्याच्या ढिगात हात घालून आतला ओलावा विक्रेत्याला दाखवणारे आणि तो वर का ठेवला नाहीस असे विचारणारे आपले पैगंबर (स.) होते. मालातला दोष उघड करणे हे विकणाऱ्याचे कर्तव्य आहे. मग घेणाऱ्याचे काहीच नाही का? आहे. दुकानात पाच हजारांचा मोबाइल दहा हजारांना निमूट घेणारे आपण, विणकरापुढे मात्र हुशारी दाखवतो. "पुढच्या गल्लीत निम्म्यात मिळते" असे खोटेच सांगतो. विणकर गरजेत असेल तर तो देतोही. पण त्या स्वस्ताईत कुणाच्या तरी महिन्याच्या मजुरीचा भाग असतो. भाव जरूर करावा, खोटे बोलून करू नये. परवडत नसेल तर सलाम करून उठावे. त्यात कुणाचाच अपमान नाही.

आपल्या घरांसाठी आणखी दोन गोष्टी. मोर, मुनिया या नक्षी प्रसिद्ध आहेत. पण ज्या घरांत कपड्यावर पक्ष्यांची चित्रे नको असतात, त्यांनी आसावलीची वेल किंवा कमळ मागावे. ही नक्षीही जुनीच आहे आणि तितकीच देखणी. दुसरे, रेशीम बायकांना जायज आहे, पुरुषांना शुद्ध रेशीम नाही. त्यामुळे नवऱ्या मुलासाठी पैठणीचे जाकीट शिवायचा मोह टाळावा.

शेवटी पैशांचे. घरून निघण्याआधी रक्कम ठरवावी आणि तेवढीच बरोबर न्यावी. पैठणीसाठी कर्ज काढू नये. मुलीच्या संसाराची सुरुवात हप्त्यांनी झाली, तर भरजरी पदरही अंगावर जड होतो. ऐपत साध्या काठाच्या साडीची असेल, तर तीच हसतमुखाने घ्यावी. विणकराचे नाव आणि फोन नंबर लिहून आणावा. साडी वर्षानुवर्षे टिकते. धागा निघाला, काठ उसवला, तर दुरुस्तीला तोच हात उपयोगी पडतो. पुढच्या लग्नाला आपण त्याच दारी ओळखीने जातो, पाहुणे म्हणून नव्हे. अशा व्यवहारात बरकत असते.