स्वस्त खोली, महाग मुक्काम



सुट्टी जवळ आली की आमच्या शाळेच्या स्टाफरूममध्ये एक प्रश्न हमखास येतो. "बाजी, हैदराबादला चार दिवस जायचं म्हणतोय. स्वस्तातलं एखादं हॉटेल सांगा ना." सोलापूरकरांना हैदराबाद मुंबईपेक्षा जवळचं. रात्रीची गाडी, भाषा ओळखीची, खाण्याची चिंता नाही आणि लग्नाचा बस्ता, बांगड्या, अत्तर सगळं एका ठिकाणी. पण मी कोणालाही हॉटेलचं नाव सांगत नाही. "आधी कागद घ्या आणि कुठं कुठं जायचंय ते लिहा," एवढंच सांगते. असं का, ते आज लिहिते. यातली पहिली चूक माझीच आहे.

दोन वर्षांपूर्वी मे महिन्यात आम्ही पाच जण हैदराबादला गेलो. आम्ही दोघं, दोन मुलं आणि माझ्या सासूबाई, म्हणजे अम्मी. वय बाहत्तर, दोन्ही गुडघे कुरकुरणारे. हा प्रवास खरं तर त्यांच्यासाठीच ठरला होता. अम्मींचं माहेर उस्मानाबाद जिल्ह्यातलं. तो मुलूख पूर्वी निजामाच्या राज्यात होता, त्यामुळे त्यांच्या अब्बांचं हैदराबादला जाणं-येणं असे. परत आल्यावर ते मुलांना सालारजंग म्युझियममधल्या घड्याळाची गोष्ट सांगत. दर तासाला आतून एक छोटा माणूस बाहेर येतो, घंटेवर टोले मारतो आणि परत आत जातो. अम्मींनी ही गोष्ट आम्हाला किती वेळा सांगितली असेल, याचा हिशेब नाही. पण ते घड्याळ त्यांनी कधी पाहिलं नव्हतं.

हॉटेल निवडायचं काम माझ्याकडे होतं. मी मोबाईलवर सर्वांत कमी भाडं वर येईल अशी यादी लावली. हायटेक सिटीच्या पुढच्या भागात अकराशे रुपयांना खोली दिसली. फोटो स्वच्छ होते, "लिफ्ट आहे" असंही लिहिलं होतं. दोन खोल्या घेतल्या आणि घरात सगळ्यांना सांगितलं की बघा, किती पैसे वाचवले.

गुरुवारी दुपारी पोहोचलो तर लिफ्ट बंद. "दोन दिवसांत चालू होईल," काउंटरवरचा मुलगा म्हणाला. आमचा मुक्काम तेवढाच होता. खोल्या तिसऱ्या मजल्यावर. अम्मी कठड्याला धरून, प्रत्येक वळणावर थांबत वर आल्या. शुक्रवारी सकाळी मोठी गाडी करून, सव्वा तास रहदारीत घालवून म्युझियमच्या दारात उभे राहिलो, तर दार बंद. सालारजंग म्युझियमला शुक्रवारी सुट्टी असते. ही साधी गोष्ट मी पाहिली नव्हती. मग उन्हात चारमिनार झालं, लाड बाजार झाला. दुपारी अम्मींना जरा पाठ टेकायला न्यावं, तर खोली वीस किलोमीटरवर. संध्याकाळी परत आलो तेव्हा त्यांचे गुडघे सुजले होते आणि समोर पुन्हा तीन जिने.

शनिवारी त्या खोलीतच थांबल्या. "तुम जाओ बेटा, मेरेकू घडी का व्हिडिओ लेको आओ," म्हणाल्या. आम्ही व्हिडिओ घेऊन आलो. रात्री गाडीत त्यांनी तो पाहिला, "अच्छा है" म्हणाल्या आणि फोन परत दिला. त्यानंतर मी खिडकीबाहेरच बघत बसले.

घरी आल्यावर हिशेब मांडला. दोन खोल्यांचे रोजचे बावीसशे. पाच जण, म्हणून मोठी गाडी. जायला सहाशे, यायला सहाशे. म्हणजे रोजचे चौतीसशे. शहराच्या जुन्या भागाजवळ तेव्हा पंधराशेला खोली मिळत होती. दोन खोल्यांचे तीन हजार आणि रिक्षाला फार तर तीनशे. जी खोली मी महाग म्हणून सोडली, ती शंभर रुपयांनी स्वस्तच पडली असती. शिवाय रोजचे अडीच तास रस्त्यात गेले, ते वेगळेच. खोलीचं भाडं हा मुक्कामाच्या खर्चाचा एक भाग आहे, सगळा खर्च नव्हे. हे गणित मी मुलांना फळ्यावर शिकवते. स्वतःच्या घरी मात्र विसरले.

म्हणून पहिलं काम कागदाचं. कुठं कुठं जायचं ते लिहा आणि नकाशावर त्या जागा बघा. हैदराबादेत बहुतेक कुटुंबांची यादी सारखीच असते. चारमिनार, मक्का मशीद, लाड बाजार, चौमहल्ला पॅलेस आणि सालारजंग म्युझियम ही ठिकाणं मुसी नदीच्या दक्षिणेला, एकमेकांपासून दोन-अडीच किलोमीटरच्या आत आहेत. गोवळकोंडा किल्ला आणि कुतुबशाही मकबरे पश्चिमेला, साधारण दहा-अकरा किलोमीटरवर. या दोन ठिकाणांना एकच दिवस पुरतो. रामोजी फिल्म सिटी दुसऱ्या टोकाला शहराबाहेर, त्यासाठी पूर्ण दिवस काढावा लागतो. म्हणजे चारपैकी दोन-तीन दिवस आपण जुन्या शहरातच असणार. राहायची जागाही त्याच्या आसपास हवी.

आता भाग कोणता निवडावा? चारमिनार, पत्थरगट्टी, मदीना बिल्डिंग या भागात उतरलात तर सगळं पायाखाली. पहाटेची अजान ऐकू येते, खायला रात्री उशिरापर्यंत मिळतं. ज्यांचं मुख्य काम लग्नाची खरेदी आहे, त्यांना हे सोयीचं. पण गर्दी, आवाज आणि अरुंद गल्ल्या आहेत. गाडी दारापर्यंत येते का, हे आधी विचारून घ्या. लहान मूल किंवा आजारी माणूस सोबत असेल तर मुख्य रस्त्यापासून एक गल्ली आत असलेली जागा बरी.

नामपल्ली आणि अबिड्स हा मधला भाग. हैदराबाद डेक्कन हे रेल्वे स्टेशन नामपल्लीलाच आहे, समोर मेट्रो आहे, यूसुफैन दर्गाह जवळ आहे आणि सर्व दरांच्या लॉज आहेत. तिथून रिक्षाने चारमिनार चार-पाच किलोमीटर. मेट्रो चारमिनारपर्यंत जात नाही, हे लक्षात ठेवा. नामपल्लीहून तिसरं स्टेशन महात्मा गांधी बस स्थानक, तिथे उतरून पुढे रिक्षा करावी लागते. पहिल्यांदा जाणाऱ्या कुटुंबाला मी हाच भाग सुचवते.

लकडी का पूल आणि खैरताबाद हे थोडे शांत आणि थोडे महाग. हुसेनसागर जवळ, मेट्रोही आहे. हायटेक सिटी, गच्चीबावली या भागांत ज्यांचं ऑफिसचं काम किंवा मुलाची मुलाखत आहे त्यांनीच उतरावं. फिरायला येणाऱ्यांनी तिथलं कमी भाडं पाहून भुलू नये.

आणखी एक. हैदराबादेत सिकंदराबाद, हैदराबाद डेक्कन आणि काचीगुडा अशी मोठी स्टेशनं आहेत आणि ती एकमेकांपासून लांब आहेत. आपली गाडी कोणत्या स्टेशनवर जाते आणि परतीची कुठून सुटते, ते तिकिटावर पाहूनच खोली घ्या. पहाटेची परतीची गाडी असेल तर याचं मोल कळतं.

भाग ठरला की त्यातल्या तीन-चार जागा निवडा आणि मग फोन करा. फोन केल्याशिवाय पैसे भरू नका. मी हे प्रश्न वहीत लिहून ठेवले आहेत:

लिफ्ट आहे का, आणि आज चालू आहे का? नसेल तर तळमजल्यावर किंवा पहिल्या मजल्यावर खोली मिळेल का?

संडास कमोडचा आहे की भारतीय? गुडघेदुखीवाल्या माणसासाठी हा प्रश्न भाड्याइतकाच महत्त्वाचा आहे.

चेक-आऊट चोवीस तासांचं की दुपारी बाराचं? सकाळी सातला पोहोचलो तर खोली मिळेल का, की अर्ध्या दिवसाचं भाडं लागेल? खोली सोडल्यावर संध्याकाळपर्यंत सामान ठेवता येईल का?

जादा गादीचे किती? लहान मुलांचे पैसे लागतात का?

सांगितलेल्या भाड्यात कर धरला आहे का? साडेसात हजारांपर्यंतच्या खोलीवर सप्टेंबर २०२५ पासून पाच टक्के जीएसटी आहे. त्याहून जास्त कराचा आकडा कोणी सांगितला तर बिल मागा.

पलंग सोडून मुसल्ला अंथरण्याइतकी जागा आहे का? हे विचारायला संकोच वाटतो, पण काही खोल्यांत पलंग या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत असतो. घरातल्या बायकांना पाच वेळा त्याच खोलीत नमाज पढायची असते. खोलीत शिरल्यावर मोबाईलमधल्या होकायंत्रावर किब्ला पाहून घ्या. हैदराबादेत तो पश्चिमेकडून किंचित उत्तरेला आहे.

हॉटेलबद्दल लोकांनी लिहिलेले अभिप्राय वाचताना कौतुकाचे सोडा, नाराजीचे वाचा आणि तेही गेल्या दोन-तीन महिन्यांतले. एखाद्याला चहा थंड मिळाला, ते सोडून द्या. पण "लिफ्ट बंद", "पाणी नाही", "ढेकूण" हे शब्द दोन वेगवेगळ्या माणसांनी लिहिले असतील तर ती जागा सोडा. आमच्या त्या हॉटेलबद्दल लिफ्टची तक्रार तिघांनी लिहिली होती. मी फक्त फोटो पाहिले होते.

पैशांच्या बाबतीतही सावध राहा. इंटरनेटवर हॉटेलच्या नावाने खोटे नंबर टाकून, क्यूआर कोड पाठवून आगाऊ रक्कम उकळणारे लोक आहेत. शक्य असेल तर "हॉटेलवर पोहोचल्यावर पैसे" हा पर्याय घ्या. फसवणूक झालीच तर विलंब न करता १९३० या सायबर मदत क्रमांकावर फोन करा. प्रत्येक मोठ्या माणसाचं मूळ ओळखपत्र सोबत ठेवा; काउंटरवर सगळ्यांचं मागतात.

आता वाराचं. आपल्याकडे जुम्याला हातात वेळ असतो म्हणून लोक तो दिवस फिरायला ठेवतात. पण हैदराबादेत शुक्रवारी सालारजंग, चौमहल्ला आणि कुतुबशाही मकबरे तिन्ही बंद असतात. चारमिनार आणि गोवळकोंडा उघडे असतात. म्हणून शुक्रवारी पुरुषांनी मक्का मशिदीत जुम्याची नमाज पढावी, दुपारी सगळ्यांनी विश्रांती घ्यावी आणि संध्याकाळी लाड बाजार करावा. म्युझियमसाठी शनिवार ठेवा. गोवळकोंड्याला वर जायला तीनशेहून अधिक पायऱ्या आहेत. वडीलधाऱ्यांना वर नेण्याचा हट्ट धरू नका. खालच्या दरवाज्याशी टाळी वाजवली की तिचा आवाज वर बालाहिसारपर्यंत पोहोचतो, एवढी गंमत त्यांना तिथेच पाहता येते.

प्रवासात नमाज कसर करायची की पूर्ण, हा प्रश्नही मुक्कामाच्या दिवसांशी जोडलेला आहे. हनफी मसलकात पंधरा दिवसांपेक्षा कमी मुक्कामाची नियत असेल तर कसर आहे. शाफई मसलकात ही मुदत चार दिवसांची आहे. कोकणातले आपले बरेच वाचक शाफई आहेत, म्हणून मुद्दाम लिहिलं. निघण्यापूर्वी आपल्या इमामसाहेबांना विचारून घ्यावं.

आता राहिलेली गोष्ट. मागच्या डिसेंबरात आम्ही पुन्हा गेलो. अम्मी नको म्हणत होत्या, "कायकू इत्ता खर्चा?" या वेळी आम्ही नामपल्लीला उतरलो. खोली पहिल्या मजल्यावर होती. भिंतींचा रंग उडाला होता, पण लिफ्ट चालू होती आणि ती आदल्या दिवशी फोन करून मी पुन्हा विचारून घेतली होती. शुक्रवारी दुपारी अम्मी दोन तास झोपल्या. शनिवारी रिक्षाने वीस मिनिटांत म्युझियमला पोहोचलो आणि पावणेबाराला घड्याळासमोरच्या खुर्चीवर त्यांना बसवलं. हळूहळू गर्दी जमली. बाराच्या जरा आधी तो छोटा माणूस बाहेर आला आणि घंटेवर टोले पडू लागले. अम्मी ओठांतल्या ओठांत मोजत होत्या. बारा झाले, माणूस आत गेला, लोक पांगले. अम्मी बसूनच राहिल्या.

"अब्बा बोले थे वैसाच है," एवढंच त्या म्हणाल्या. मग माझ्या मुलीचा हात धरून उठल्या आणि तिला अब्बांची गोष्ट पहिल्यापासून सांगायला लागल्या.

दुसऱ्या फेरीचा खर्च पहिलीइतकाच झाला. वाचकांनी दोनदा खर्च करू नये, म्हणून हे लिहिलं. घरातल्या सर्वांत थकलेल्या माणसाला दुपारी अर्ध्या तासात खोलीवर परत आणता येईल का, एवढं पाहून जागा निवडा. अल्लाह तुमचा प्रवास सुखाचा करो. आमीन.