लेपटीचा डोळा

कोळणीच्या पाटीत लेपटी पाहिली की, ही कोणाच्या तरी पायाखाली आली असावी अशी शंका येते. चपलेच्या तळव्यासारखी चपटी. अंग कुठे संपते आणि शेपूट कुठे सुरू होते याचा पत्ता लागत नाही. छातीकडचे पर तर नाहीतच. शास्त्रज्ञांनी हिला ग्रीकमधून जे नाव दिले त्याचा अर्थ ‘कुत्र्याची जीभ’! आपली माणसे त्या मानाने सभ्य. समुद्राच्या तळाला कोणी लेप द्यावा तशी ही पडून असते म्हणून लेपटी, असे मी आपले समजतो. मराठी शिकवणाऱ्याला एवढी मोकळीक असावी.

तिला उलटसुलट करून पाहा. एक बाजू तपकिरी, दुसरी पांढुरकी. आणि दोन्ही डोळे तपकिरी बाजूवर, शेजारी शेजारी. दात मात्र खालच्या, आंधळ्या बाजूला. यात विसंगती काही नाही. तिचे अन्न म्हणजे चिखलातले किडे आणि बारीक जीव. ते खाली, आणि धोका वर! अंगावर वाळू ओढून, तेवढे डोळे बाहेर ठेवून ती पडून राहते. १९९६ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात तिच्या लांबच्या भाऊबंदांना निरनिराळ्या नक्षीच्या तळावर ठेवले, तर २ ते ८ सेकंदांत त्यांनी अंगावर जवळपास तशीच नक्षी उठवली.

पण अंड्यातून बाहेर येते तेव्हा लेपटी चारचौघींसारखीच असते. पारदर्शक, सरळ पोहणारी, दोन बाजूंना दोन डोळे. मग तिचा उजवा डोळा आपली जागा सोडतो आणि माथा ओलांडून डाव्याच्या शेजारी बिऱ्हाड करतो. कवटीची हाडे तेव्हा कोवळी असतात, तीही पिळवटतात. त्यानंतर ती जी आडवी होते ती जन्मभर.

या जातीच्या माशांच्या डोळ्याने डार्विनलाही पेचात टाकले होते. बदल थोडेथोडे साठतात आणि उपयोगी असतील तरच टिकतात, हे त्याचे म्हणणे. १८७१ साली मिव्हार्ट याने विचारले, डोळा जरासाच सरकला तर उपयोग काय? तो वाळूतच रुतणार! डार्विनने १८७२ च्या आवृत्तीत उत्तर दिले की, आडवी पडलेली पिल्ले खालचा डोळा वर ताणत राहतात, आणि त्या सवयीचा परिणाम पिढ्यान्‌पिढ्या उतरत गेला असावा. हे उत्तर मला लंगडे वाटते. आजचे शास्त्रही ते मानत नाही. मिव्हार्टचा प्रश्न मात्र चोख होता.

त्याला पुरावा मिळायला २००८ साल उजाडले. मॅट फ्रीडमन याने युरोपातील संग्रहालयांत पडून असलेले सुमारे ५ कोटी वर्षांपूर्वीचे जीवाश्म तपासले. पूर्ण वाढलेल्या माशांत एक डोळा वर सरकलेला, पण माथा न ओलांडलेला! अर्ध्या वाटेवरचा डोळा घेऊनही ते जगले होते, वाढले होते.

एवढ्या लांब जायचे नसेल तर आपल्या बाजारातला भाकस पाहावा. तोही याच गोतातला. पण त्याचा सरकलेला डोळा पुरता पलीकडे न जाता माथ्याच्या कडेवरच थांबतो. शिवाय काही भाकसांचे डोळे डावीकडे, काहींचे उजवीकडे. पुढच्या खेपेला आणलात तर साफ करण्यापूर्वी मुलांना तेवढा डोळा दाखवा. कालवणाला उशीर होईल. तो होऊ द्यावा.