रिपोर्ट समजावणारा कुठे शिकला?

गेल्या महिन्यात पुण्याच्या मामेबहिणीने बीआरसीए-१ जनुकाचा रिपोर्ट पाठवला. निष्कर्ष होता, ‘अर्थ अनिश्चित असलेला बदल’. समजावणाऱ्याने मात्र ‘दोष सापडलाय, ऑपरेशनचा विचार करा’ असे सांगितले. आठवडाभर तिला झोप नव्हती. वास्तविक अशा अनिश्चित बदलावरून उपचार ठरवायचे नसतात.

लॅबला मान्यता होती. सांगणाऱ्याच्या प्रशिक्षणाला होती का, हे कुणी विचारलेच नव्हते.

इथे अमेरिकेत जनुकीय समुपदेशनाचा पहिला पदव्युत्तर अभ्यासक्रम १९६९ साली सारा लॉरेन्स कॉलेजात सुरू झाला. आज मान्यताप्राप्त अभ्यासक्रम पुरा केल्याशिवाय प्रमाणपत्राच्या परीक्षेला बसता येत नाही, आणि त्या अभ्यासक्रमात देखरेखीखाली प्रत्यक्ष रुग्णांशी बोलावे लागते. यामुळे जागा कमी राहतात, शिक्षण महागते, हा आक्षेप खराच आहे. त्यावर उपाय जागा आणि शिष्यवृत्त्या वाढवण्याचा; कसोटी सैल करण्याचा नव्हे.

भारतात २०२१ साली पूरक आरोग्य व्यवसायांच्या शिक्षणाचा दर्जा राखण्यासाठी कायदा झाला. २०२३ साली सिकलसेल तपासणीची राष्ट्रीय मोहीम सुरू झाली. ‘वाहक’ म्हणजे ‘रोगी’ नव्हे, एवढे नीट सांगितले नाही तरी एखाद्या मुलीचे ठरलेले लग्न मोडू शकते.

आपण मंडळी गावाकडच्या रुग्णालयांना यंत्रांसाठी देणग्या देतो. पुढच्या वेळी चेक लिहिण्यापूर्वी एक प्रश्न जरूर विचारा: रिपोर्ट समजावणारा कुठे शिकला?