पंप घेशील, पण बसशील कुठे?

गेल्या महिन्यात भाची घरी आली. कडेवर चार महिन्यांची लेक, हातात मोबाईल आणि त्यात पंपांची ही लांबलचक यादी. "मावशी, सोमवारपासून कामावर जायचंय. यातला कोणता घेऊ?" ती हडकोत राहते आणि वाळूजला एका कारखान्यात पॅकिंगला जाते, कंत्राटदारामार्फत. जायला तास, यायला तास, मध्ये आठ तासांची पाळी. म्हणजे दहा तास तान्ह्या लेकीपासून दूर.

पंपाबद्दल मला जे कळतं ते तिला सांगितलं. इथेही सांगते, कारण त्याला दहा मिनिटं पुरतात. सायकलच्या भोंग्यासारखा रबरी गोळा असलेला स्वस्त पंप घेऊ नये. दूध गोळ्यात शिरतं आणि तो आतून नीट धुता येत नाही. दिवसातून एखाद वेळच काढायचं असेल तर दांडी दाबून चालवायचा हातपंप पुरतो. (हातपंप म्हटलं की आपल्याला मराठवाड्यात हापसाच आठवतो, ते सोडा.) किंवा आपले हात. चांगली परिचारिका हाताने दूध काढायला शिकवते, त्याला पैसा लागत नाही. पण रोज पाळीत दोन-तीनदा काढायचं तर दोन्ही बाजूंनी एकदम ओढणारा, बॅटरीवर चालणारा पंप बरा, वेळ वाचतो. त्याचं नरसाळं आपल्या मापाचं हवं, नाहीतर दुखतं आणि दूधही कमी येतं. दूध मोटारीकडे जाऊ नये म्हणून मध्ये पडदा असतो; तो नसलेला पंप दुसरीचा वापरलेला घेऊ नये. आणि सोबत बाटली आली म्हणून बाटलीनेच पाजायला हवं असं नाही. वाटी-चमचा आहे, आपलं जुनं बोंडलं आहे. १९९२ च्या कायद्याने दूध पाजायच्या बाटलीच्या जाहिरातीला बंदी घातली. पंपाचं नाव त्या कायद्यात नाही. म्हणून पंपाच्या खोक्यात बसून बाटली राजरोस घरात येते.

झालं. पंपाचा विषय संपला. मग मी विचारलं, "पंप घेशील, पण बसशील कुठे?"

ती गप्प बसली. कपडे बदलायची खोली सगळ्या बायकांची मिळून एक, तिला आतून कडी नाही. उरला संडास. तिथे आपण भाकरी खाऊ का? मग लेकराचं अन्न तिथे का काढायचं? आणि केव्हा? छाती तीन-चार तासांत भरून येते. वेळेवर रिकामी झाली नाही तर दगडासारखी होते, ताप चढतो, गाठ होते; रोजच असं होऊ लागलं तर दूध आटत जातं. भाचीच्या आधी एकीने सुपरवायझरकडे वेळ मागून पाहिली होती. तो म्हणाला, "बाळ कुठंय? बाळच नाही तर पाजणार कुणाला?"

मैत्रिणींनो, हे उत्तर उर्मट आहे, पण त्याने कायद्यातली फट बरोबर हेरली आहे. १९६१ च्या प्रसूती लाभ कायद्याने मूल पंधरा महिन्यांचं होईपर्यंत कामाच्या दिवसात दोन जादा सुट्ट्या दिल्या, बाळाला दूध पाजण्यासाठी. २०१७ च्या दुरुस्तीने पन्नास किंवा जास्त कामगार असतील तिथे पाळणाघर आणि दिवसातून चार वेळा तिथे जायची मुभा दिली. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या सामाजिक सुरक्षा संहितेतही दोन सुट्ट्या आणि पाळणाघर आहे. म्हणजे कायद्याने गृहीत धरलंय की बाळ जवळ आहे. पाळणाघर नाही म्हणून बाळ घरी, आणि बाळ घरी म्हणून सुट्टी नाही! एक हक्क बुडवायचा आणि त्याच्याच जोरावर दुसरा नाकारायचा.

"सव्वीस आठवडे रजा दिली की," असं वर ऐकवतात. त्यातले आठ बाळंतपणाआधी घेतले तर बाळ जेमतेम चार महिन्यांचं असताना आई कामावर. आणि डॉक्टर सांगतात, सहा महिने अंगावरचंच दूध द्या. मधले दोन महिने कुणी भरून काढायचे? त्या बाईने, स्वतःच्या पैशाने पंप घेऊन.

अमेरिकेत हेच झालं. खासगी नोकरीतल्या बाईला पगारी बाळंतपणाची रजा देणारा देशव्यापी कायदा तिथे नाही. पण २०१० साली आणि मग २०२२ साली त्यांनी कायद्यात लिहिलं की मूल वर्षाचं होईपर्यंत दूध काढायला वेळ द्या, आणि संडास नसलेली आडोशाची जागा द्या. रजेच्या बाबतीत त्यांचं काही घेण्यासारखं नाही. हे एक वाक्य मात्र घ्यावं.

मी स्वतः तीस वर्षांपूर्वी शाळेत शिकवत होते. तेव्हा आपल्याकडे पंपाचं नाव नव्हतं. मधल्या सुट्टीत मोरीत दूध पिळून टाकायचे आणि घरी लेक भुकेने रडायची. तासाला पदर ओला झाला की फळ्याकडे तोंड करून लिहीत राहायचे. पोरांना वाटायचं, बाई आज फार लिहितात. मुख्याध्यापकांकडे मी एकदाही गेले नाही. लाज वाटली. ती लाज माझी नव्हती, हे कळायला दहा वर्षं लागली.

एसटी स्टँडवर हिरकणी कक्ष झाले, चांगलं झालं. पण हिरकणीची गोष्ट आठवा. गडावर दूध विकायला गेलेली गवळण, घरी तान्हं बाळ, आणि दरवाजे बंद. ती कडा उतरून गेली. महाराजांनी तिचा गौरव केला आणि त्या जागी बुरूज बांधला, असं कथा सांगते. शत्रू दाराशी असलेल्या किल्ल्याला ती शिस्त हवीच होती. कारखान्याच्या दाराशी कोणता शत्रू आहे? तरी रोज बायकांनी कडे उतरायचे आणि आपण त्यांना शूर म्हणायचं.

आणखी एक. पंप दर वेळी धुवावा लागतो, काढलेलं दूध थंड ठेवावं लागतं. खोलीत पंचवीस अंशांपर्यंत ते चार तास टिकतं, आपला मे महिना चाळिशीपार. वर्षानुवर्षे आठ-आठ दिवसांआड नळाचं पाणी भरलेल्या या छत्रपती संभाजीनगरात, तेव्हाच्या औरंगाबादेत, हे जाहिरातीतल्या बाईला कसं कळावं? म्हणून जागा मागताना नळ आणि फ्रिजही मागायचा.

१९२८ साली मुंबईच्या कायदेमंडळात डॉ. आंबेडकरांनी बाळंतपणाच्या लाभाच्या विधेयकाला पाठिंबा दिला, १९२९ साली कायदा झाला. आपला मराठवाडा तेव्हा निजामाच्या राज्यात; आपल्या आज्यांना तो लागू नव्हता. आज कायदा लागू आहे आणि तरी संडास.

भाचीने आणि मी त्याच संध्याकाळी चार ओळींचा अर्ज लिहिला. दोन सुट्ट्या, आतून कडी असलेली खोली, आणि पाळणाघर कधी सुरू होणार याचं लेखी उत्तर. एक प्रत कंत्राटदाराला, एक कारखान्याला. तिच्याबरोबर आणखी तिघींनी सह्या केल्या. त्यातल्या एकीचं मूल आता पाचवीत आहे. पोचेचा शिक्का घेतल्याशिवाय परत यायचं नाही असं ठरलंय. पंप घ्यायला त्यानंतर औरंगपुऱ्यात जाऊ.