तपासणी अर्ध्यावर थांबवू नका



लग्नाची बोलणी निघाली की शिक्षण, नोकरी, शेती विचारली जाते. सिकलसेलचा विषय मात्र पुष्कळदा टाळला जातो. विदर्भात हा आजार आदिवासी बांधवांप्रमाणे आपल्या बौद्ध समाजातही आढळतो. तो पूर्वजन्मीच्या पापाचे फळ नाही. 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात बाबासाहेबांनी पूर्वजन्मीच्या कर्माची कल्पना आनुवंशिकतेच्या शास्त्राशी ताडून नाकारली आहे. आजार येतो तो आई-वडिलांच्या जनुकांतून.

हिमोग्लोबिन तयार करण्यासाठी शरीर जनुकाची एक नक्कल काढते. जनुकातले एक अक्षर बदलले, 'ए'च्या जागी 'टी' आले, की सिकलसेलचे हिमोग्लोबिन तयार होते. नक्कल कुठे संपवायची हे सांगणारी 'एएटीएएए' ही सहा अक्षरांची खूणही जनुकात असते. तिला पॉलिएडिनिलेशन सिग्नल म्हणतात. वाक्यातला पूर्णविरामच समजा. या खुणेतले एखादे अक्षर बिघडले तर नक्कल नीट संपत नाही आणि हिमोग्लोबिन कमी तयार होते. बीटा थॅलेसेमियाच्या अनेक कारणांपैकी हे एक.

इथेच खरा धोका आहे. एक जण सिकलसेलचा वाहक आणि दुसरा थॅलेसेमियाचा वाहक असला, तरी प्रत्येक गरोदरपणात बाळाला आजार होण्याची शक्यता २५ टक्के असते. दोघेही सिकलसेलचे वाहक असले तरी तेवढीच. शिबिरातल्या साध्या सोल्युबिलिटी चाचणीत थॅलेसेमिया कळत नाही. म्हणून 'सिकल निगेटिव्ह' एवढ्यावर निर्धास्त होऊ नका. दोघांचीही एचपीएलसी किंवा इलेक्ट्रोफोरेसिस तपासणी करा.

अमेरिकेत ८ डिसेंबर २०२३ रोजी सिकलसेलवरच्या दोन जनुकीय उपचारांना मान्यता मिळाली. त्यांतल्या एकात निरुपद्रवी केलेल्या विषाणूतून नवे जनुक पेशीत पोहोचवतात. त्यालाही असा पूर्णविराम लावावाच लागतो. किंमत ३१ लाख डॉलर! आपल्या वस्तीला आज आधार आहे तो वेळेवर तपासणीचा आणि हायड्रॉक्सियुरियाच्या गोळ्यांचा.

१ जुलै २०२३ ला सुरू झालेल्या राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियानाचा भर आदिवासी भागांवर आहे. तो हवाच, पण आजार जातीचा दाखला पाहून येत नाही. गोरेगाव तालुक्यातल्या प्रत्येक बुद्धविहारात शिबिर भरावे आणि पक्क्या तपासणीचा कागद हाती मिळावा, ही मागणी आपणच एकजुटीने लावून धरली पाहिजे. वाहक असणे हा दोष नाही. वाहक निरोगीच असतो, त्याचे लग्न अडवू नका. फक्त दोघांचे रक्त आधी तपासा.

नमो बुद्धाय!