व्हिसा आला, पण कशाचा?

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढणारा मी पहिलाच. त्यामुळे वाडीत कुणाकडे इंग्रजी कागद आला की हाक मला येते. 2023 साली मी अकरावीत असताना मामाचा दुबईचा व्हिसा आला. कागद माझ्या हाती देत मामा म्हणाला, "बघ रे, खरा आहे ना?" मी नाव पाहिले, पासपोर्टचा नंबर ताडून पाहिला आणि ऐटीत सांगितले, "अगदी खरा आहे!" त्यावर 'व्हिजिट' असा शब्द होता. तोही मी वाचला होता. माझ्या त्या एका वाक्यावर मामीचे मंगळसूत्र गहाण पडले.

व्हिसा खराच होता. पण तो पाहुण्याचा होता, कामगाराचा नव्हता. "तिकडे पोचल्यावर बदलून देतो," असे एजंट म्हणाला होता. तो बदलून मिळाला नाहीच. पाहुण्याच्या व्हिसावर नोकरी करणे हा तेथे गुन्हा. मग दोन महिन्यांची मजुरी बुडाली तरी तक्रार कोणत्या तोंडाने करायची? मामा रिकाम्या हातांनी परतला.

मामा सातवी शिकलेला. दहावी न झालेल्यांच्या पासपोर्टवर 'ईसीआर' असा शेरा असतो. अशा माणसाला नोकरीसाठी आखाती देशांसह 18 देशांत जाण्यापूर्वी, 1983 च्या कायद्यान्वये, 'प्रोटेक्टर ऑफ एमिग्रंट्स' या सरकारी अधिकाऱ्याची परवानगी लागते. त्या वेळी नोकरीचा करार तपासला जातो, विमाही उतरावा लागतो. पाहुणा म्हणून जाणाऱ्याला मात्र ही परवानगी लागत नाही. लबाड एजंट नेमक्या याच दाराने माणसे नेतात.

हा शेरा म्हणजे अडाणीपणाचा शिक्का, असे पूर्वी मलाही वाटे. आज माझे मत वेगळे आहे. ते गरिबाच्या शेताचे कुंपण आहे. माझी तक्रार एवढीच की, दहावी पास होताच हे कुंपण निघते. जणू गुणपत्रिका हाती आली की माणूस फसायचा थांबतो! मी तर दहावी पास होतो, इंग्रजीत चांगले गुण होते. मी फसलो आणि मामालाही फसवले. अक्षर वाचता येणे निराळे, कागद समजणे निराळे.

मित्रहो, आपल्यापैकी अनेकांच्या घरी पहिला शिकलेला माणूस आपणच आहोत. उद्या कुणी असा कागद घेऊन येईल. तेव्हा "खरा आहे का?" एवढ्यावर थांबू नका. व्हिसा कशाचा आहे, नोकरीचा करार कुठे आहे, एजंट सरकारच्या 'ई-मायग्रेट' संकेतस्थळावर नोंदलेला आहे का, हे पैसे देण्याआधी विचारा. समजले नाही तर "मला कळत नाही" असे सांगण्याची लाज बाळगू नका. मी ती बाळगली. मंगळसूत्र अजून सुटलेले नाही.