दुसऱ्याची नाकेबंदी

२७ ऑगस्ट २०२५ ला लालबाग-परळपासून गिरगावापर्यंत गणपती बसले आणि त्याच दिवशी भारतीय मालावरचं अमेरिकेचं आयातशुल्क पन्नास टक्क्यांवर गेलं. त्यातले पंचवीस टक्के सरळसरळ दंडाचे : रशियाचं तेल घेता म्हणून. नेम रशियाच्या तेलधंद्यावर, मार बसला आपल्या हिऱ्यांना, तयार कपड्यांना, कोळंबीला. ‘त्यांच्या भांडणाशी आपला काय संबंध?’ हा प्रश्न मुंबईकरानं तरी विचारू नये.

एप्रिल १८६१ मध्ये, अमेरिकेतल्या यादवी युद्धात, लिंकननं बंडखोर दक्षिणेच्या बंदरांची नाकेबंदी केली. दक्षिणेचा जीव कापसात. तो लँकेशायरला पोचेना, तेव्हा तिथल्या गिरण्या वऱ्हाड-खानदेश-गुजरातच्या कापसाकडे वळल्या. गाद्या उसवून लोकांनी कापूस विकला, असं सांगतात. चार-पाच वर्षांत सात-आठ कोटी पौंड जादा मुंबईत आले. मग काय, रोज नवी बँक, नवी कंपनी, समुद्र बुजवण्याची नवी योजना! बॅकबे कंपनीचा पाच हजारांचा शेअर पन्नास हजारांवर गेला. गंमत म्हणजे इथल्या नवख्या कापडगिरण्यांना मात्र तो महागडा कापूस परवडेना.

एप्रिल १८६५ मध्ये दक्षिणेचा सेनापती जनरल ली शरण आला. तिकडे शांतता झाली नि इकडे दिवाळं निघालं. १ जुलैला वायदे पुरे करायची वेळ आली तेव्हा भलेभले पेढीवाले कोसळले. बडे दलाल प्रेमचंद रायचंदही सुटले नाहीत. त्यांनी आदल्या वर्षी देऊ केलेल्या पैशांतून राजाबाई टॉवर उभा राहिला, एवढं त्या तेजीचं पुण्य. बॅकबे कंपनी बुडाली; तिनं भरलेल्या किनारपट्टीवरून आज चर्चगेटची लोकल धावते.

व्यापारी सावरले, काही तर पुन्हा श्रीमंत झाले. पण चढ्या भावाच्या जोरावर कर्ज उचललेला शेतकरी भाव पडल्यावर सावकाराच्या तावडीत राहिला. १८७५ मध्ये पुणे जिल्ह्यात सुप्याला कर्जखतं जाळली गेली, त्यामागे इतर कारणं होतीच, पण हेही होतं.

आता तेलाचं बघा. २०२२ पासून निर्बंधांमुळे स्वस्त झालेलं रशियन तेल आपण भरपूर घेतलं. घेऊ नये असं मी म्हणणार नाही. महागाई आवरायला ते उपयोगी पडलंही असेल. पण दादरच्या पंपावर पेट्रोल काही शंभराच्या खाली उतरलं नाही. नफा तेलशुद्धीकरणवाल्यांच्या वहीत जमा झाला आणि दंड भरायला हिरे घासणारे पुढे केले गेले.

याच धंद्यावर आधीही एक घाव बसला होता. रशियन हिऱ्यांवर जी-७ देशांनी २०२४ च्या जानेवारीपासून बंदी घातली. मार्चपासून ते दुसऱ्या देशात पैलू पाडून आणले तरी चालेनात. मुंबईच्या ऑपेरा हाऊसच्या हिरेबाजारानं पिढ्यान्‌पिढ्या विश्वासावर केलेल्या व्यवहारात खड्याच्या जन्माचा दाखला आला. दाखले जमवायला मोठ्या पेढ्यांकडे माणसं आहेत. कारागिराला मजुरी नगावर मिळते. ऑर्डर थांबली की त्याची दिवाळी उधारीवर.